शेतकरी कंपनी, जिनिंग आणि सूतगिरणी एकाच प्लॅटफॉर्मवर आणायच्या, तर सुरुवात कुठून?

वर्धाकाठ (धागाकर्ता)

हिंगणघाट-समुद्रपूर पट्टा डोळ्यासमोर ठेवून विचारतोय. एक शेतकरी कंपनी, दोन जिनिंग-प्रेसिंग (सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने) आणि एक सूतगिरणी यांनी मिळून सामायिक डिजिटल प्लॅटफॉर्म उभारायचा आहे. खरेदी-विक्री ऑनलाइन करणं हा हेतू नाही, त्यासाठी ई-नाम हा सरकारी ऑनलाइन बाजार २०१६ पासून आहेच. हेतू असा की कोणत्या वाणाचा, कितव्या वेच्याचा कापूस गिरणीत कसा कातला जातो, हे शेतापर्यंत परत कळावं. त्यावरून लागवड, वेचणी, जिनिंग तिघांनी मिळून बदलावं.

तीन गोष्टींवर जाणकारांचं मत हवं. नोंदीची सुरुवात कुठून करायची? ब्लॉकचेन लागतंच का? आणि जास्तीचे पैसे मिळाले तर वाटायचे कसे?

दोनरोळी

सुरुवात ढिगापासून करा, ॲपपासून नको.

कापसाची ओळख जिनच्या आवारात तुटते. काट्यावर प्रत्येक गाडीची वेगळी काटापट्टी होते, तिथपर्यंत सगळं नावानिशी असतं. गाडी खाली झाली की माल ढिगात. तिथून पुढे 'अमक्या शेतकऱ्याची गाठ' असं काही उरत नाही. म्हणून शेतकऱ्यापर्यंत माग काढण्याचा दावा कोणी केला तर विचारा, ढीग किती मोठा होता? तेवढ्यावरून खरं-खोटं कळतं.

हिशेब सरळ आहे. १०० गाठींचा लॉट, गाठ १७० किलोची, म्हणजे १७,००० किलो रुई. उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, ३४ टक्के धरला तर त्याला ५०० क्विंटल कापूस लागतो. सरकी ३२० क्विंटलच्या आसपास निघेल, उरलेलं १० क्विंटल कचरा आणि घट. गाडीमागे १५ ते २० क्विंटल धरले तर एका लॉटमध्ये २५ ते ३३ गाड्या. हाच तुमचा सर्वांत लहान माग काढता येणारा घटक. 'या ३० शेतकऱ्यांपैकी' एवढंच खरं सांगता येतं, आणि तेवढं पुरतं.

नियम चारच ठेवा. एका ढिगात एकच वाणगट आणि एकच वेचा. ढीग ५०० क्विंटलला बंद, मग त्यावर एक गाडीही पडू द्यायची नाही. दोन ढिगांत ट्रॅक्टर फिरेल एवढी वाट सोडा, मिसळही टळते आणि आग लागली तर दुसरा ढीग वाचतो. ढीग बदलताना प्री-क्लीनर, कन्व्हेयर आणि रुईघर रिकामं करून घ्या, तरी पहिल्या दोन-तीन गाठींवर 'संमिश्र' असाच शिक्का मारा.

शेवटचा नियम कोणी पाळत नाही, कारण मशीन थांबवणं म्हणजे पैसे. त्याची भरपाई कोण देणार हे आधी लिहून घ्या. नाहीतर रात्रपाळीत दोन ढीग एक होतात आणि कागदावर दोनच राहतात.

कास्तकार_केळापूर

हे सगळं बरोबर हाय भाऊ, पण कास्तकाराले यातून काय भेटते? गावात खेडा खरेदीवाला येते, रोख मोजते, चालला जाते. तुमच्या गाठीवरच्या क्यूआर कोडासाठी कोणी आठ दिवस थांबत नाई.

रिंगफ्रेम

केळापूरच्या दादांचा प्रश्न बाजूला नका टाकू, त्याच्यावरच हा गाडा अडतो. पण आधी गिरणीची बाजू सांगतो, कारण ओळख दुसऱ्यांदा तुटते ती आमच्याकडे.

ब्लोरूममध्ये (गाठी उघडून रुई मोकळी करतात तिथे) एका वेळी एकाच लॉटच्या गाठी कधीच लावत नाहीत. ३०-४० गाठी मांडतात, त्या वेगवेगळ्या लॉटमधल्या असतात. सूत सारखं यावं म्हणून मुद्दाम मिसळतात. त्यामुळे 'तुमच्या ढीग क्रमांक १२ चं सूत जास्त तुटलं' असं गिरणी सांगू लागली तर विश्वास ठेवू नका. त्या सुतात पाच-सहा लॉट होते.

गिरणीकडून दोनच गोष्टी प्रामाणिकपणे परत येऊ शकतात. पहिली म्हणजे गाठनिहाय एचव्हीआय चाचणी, म्हणजे यंत्रावर तंतूची तपासणी: लांबी मिलिमीटरमध्ये, मायक्रोनेअर (तंतूची जाडी आणि पक्वता), ताकद, एकसमानता, कचरा. ही मिसळण्याआधीची असते, म्हणून थेट ढिगाला चिकटते. दुसरी, चाचणी-कताई. एका ढिगाच्या २०-२५ गाठी एका लाइनवर एकट्या चालवायच्या आणि धागा किती तुटला, वेस्ट किती गेला ते मोजायचं. हे हंगामात दोन-तीनदाच परवडतं. कराराच्या पहिल्या पानावर ते आकड्यात घाला, 'शक्य असेल तेव्हा' असं मोघम नको.

आता उपयोग कुठे होतो ते. मायक्रोनेअर ३.५ ते ४.९ च्या पट्ट्यात हवा. शेवटच्या वेच्याचा आणि फरदडीचा (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या पिकाचा) कापूस अपरिपक्व असतो, मायक्रोनेअर घसरतो, रंगाई करताना ठिपके दिसतात. हे गिरणीला माहीत असतं. कोणता माल कितव्या वेच्याचा हे शेतकरी कंपनीला माहीत असतं. जिनला दोन्ही माहीत नसतं आणि तीच दोन्ही मिसळते! तिघांच्या वहीत एकच ढीग क्रमांक आला की पहिल्यांदा कोणीतरी म्हणू शकतं, पहिला-दुसरा वेचा वेगळा ठेवा, आम्ही तो वेगळ्या भावानं घेतो. सामायिक प्लॅटफॉर्मची खरी कमाई एवढीच असते: एकट्याला जो प्रश्न विचारताच येत नव्हता तो विचारता येतो.

सर्व्हरखोली

रचनेबद्दल लिहितो.

मधला गाभा लहान आणि न बदलणारा हवा, कडेची ॲपं कितीही बदलू द्यात. गाभ्यात पाचच घटना ठेवा: आवक, ढीग बंद, गाठ बांधली, चाचणी, पाठवणी. प्रत्येक घटनेत काय, कधी, कुठे, कशासाठी, एवढंच. जगभर पुरवठा साखळीत जीएसवन या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ईपीसीआयएस हे मानक याच सूत्रावर चालतं. ते जसंच्या तसं बसवलं नाही तरी रकाने त्याच धर्तीवर ठेवा, उद्या निर्यातदाराच्या यंत्रणेला जोडताना सगळं पुन्हा लिहावं लागत नाही.

क्रमांकात अर्थ कोंबू नका. गाव, वाण, साल घातलेला क्रमांक पहिल्या आठवड्यात छान दिसतो. मग वाण चुकीचं नोंदलं गेलं असं कळतं आणि छापलेली गाठ खोटं बोलू लागते. क्रमांक कोरा असावा, माहिती नोंदीत असावी.

ब्लॉकचेनचं विचारलंय. लिहिलेलं नंतर कोणी गुपचूप बदलू नये, एवढंच काम ते करतं. काट्यावरच चूक लिहिली तर ती चूक ब्लॉकचेनवर अजरामर होते. सीसीआयनं (सरकारी कापूस महामंडळानं) आपल्या गाठींना ब्लॉकचेनवर आधारलेला क्यूआर लावला आणि कस्तुरी कॉटन भारत या भारतीय कापसाच्या ब्रँडमध्येही तेच तंत्र आहे, ते ठीक, कारण तिथे देशभरचे एकमेकांना न ओळखणारे घटक आहेत. चार पक्षांसाठी साधा सामायिक डेटाबेस आणि रोज रात्री चौघांना जाणारी सही केलेली फाइल पुरते. कोणी जुनी नोंद बदलली तर बाकी तिघांच्या फाइलशी जुळणार नाही.

आणि मालकी. हा मुद्दा तंत्राहून मोठा आहे. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये जहाज वाहतुकीसाठी ट्रेडलेन्स आणलं. तंत्र चांगलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं त्यांनीच जाहीर केलं, कारण अख्ख्या उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही. एका स्पर्धकाच्या घरात बाकीच्यांनी आपली वही का ठेवावी, हा प्रश्न तिथे पहिल्यापासून होता. उलट जर्मनीत २०२१ मध्ये मोटार उद्योगानं कॅटेना-एक्स ही संघटना केली. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, फोक्सवॅगन, बॉश, सॅप, सगळे तिच्यात. तिथे डेटा ज्याचा त्याच्याकडेच राहतो, कोणाला काय आणि कशासाठी दाखवायचं याच्या अटींसह तो मागितला की दिला जातो. तुमच्याकडे जिननं सर्व्हर घेतला तर दुसरी जिन येणार नाही. शेतकरी कंपनीच्या नावावर घ्या, किंवा चौघांची छोटी संस्था करा.

काटापट्टी

घटीचा मुद्दा राहिला, आणि पहिल्या महिन्यात भांडण त्याच्यावरूनच होणार.

प्लॅटफॉर्म आवक आणि जावक जुळवू लागला की फरक लाल रंगात येतो. समजा ५०० क्विंटल कापूस १२ टक्के ओलाव्यानं आला. कोरडा भाग ४४० क्विंटल. तोच माल ढिगात ८ टक्क्यांवर उतरला तर वजन ४७८ क्विंटल भरतं. जवळपास २२ क्विंटल पाणी उडून गेलं, चोरी कोणाचीच नाही. पण ओलावा नोंदला नसेल तर शेतकरी कंपनी म्हणणार जिननं मारला आणि जिन म्हणणार काटा खोटा.

म्हणून ओलावा प्रत्येक गाडीला, किमान तीन जागी मीटर खुपसून: वरचा, मधला, तळाचा. सकाळी वरचा थर दवानं ओला असतो, एकाच जागी मोजला तर शेतकऱ्याचं नुकसान. सीसीआय हमीभावात ८ टक्के ओलावा प्रमाण धरतं आणि १२ पर्यंत प्रमाणात कपात करून घेतं. तोच तक्ता तुमच्याकडेही लावा, नवीन काढू नका. लोकांना तो माहीत आहे.

वर्धाकाठ

दोनरोळी, उताऱ्याबद्दल विचारतो. ढीगनिहाय उतारा जिन प्लॅटफॉर्मवर टाकेल का?

दोनरोळी

सहजासहजी नाही. आणि का नाही ते उघड बोललेलं बरं.

रुईचा भाव खंडीला ५५,००० धरू. खंडी ३५६ किलोची, म्हणजे किलोला साधारण १५४ रुपये. उतारा ३३ ऐवजी ३५ निघाला तर क्विंटलमागे २ किलो रुई जास्त, ३०९ रुपये. तेवढी सरकी कमी झाली, तिचे किलोला ३५ धरून ७० वजा. राहिले २३९ रुपये. हे आज जिनच्या खिशात जातात, कारण कापूस वजनावर घेतला जातो. उतारा उघड केला की उद्या शेतकरी कंपनी त्यावर भाव मागणार. असा आकडा कोण स्वतःहून भरेल?

यावर तंत्राचा इलाज नाही, व्यवहाराचा आहे. कापूस जिनला विकूच नका, जिनिंग-प्रेसिंग भाड्यानं करून घ्या. गाठीमागे ठरलेलं भाडं जिनला, रुई आणि सरकी दोन्ही शेतकरी कंपनीची. मग उतारा लपवून जिनला फारसं मिळत नाही, आणि लपवलाच तर आवक-जावक जुळणीत दिसतो. भाड्याच्या दरात ढीग बदलताना मशीन थांबवण्याचा आकार वेगळा लिहा.

कास्तकार_केळापूर

मंग रुई विकेपर्यंत कास्तकाराचे पैशे कोण देईन? ५०० क्विंटल म्हणजे आठ हजारानं ४० लाख होते. एकाच ढिगाचे.

काटापट्टी

बरोबर जागी बोट ठेवलंत.

गिरणी ४५ दिवसांत देते असं धरा. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात लेखी करार असला तरी कमाल मुदत तेवढीच आहे. शेतकऱ्याला मात्र दोन-तीन दिवसांत हवे. मधली पोकळी भरायला दोन वाटा. गाठी डब्ल्यूडीआरए या गोदाम नियामकाकडे नोंदलेल्या गोदामात ठेवल्या तर इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती मिळते, ती तारण ठेवून बँक पैसे देते. ढिगातल्या कापसावर ही सोय धरू नका, गाठ झाल्यावरच. दुसरी वाट ट्रेड्सची: बिल ट्रेड्सच्या ऑनलाइन मंचावर चढवायचं, गिरणीनं ते मान्य करायचं, मग वित्तसंस्था बोली लावून पैसे देते. अडतं ते मधल्या पायरीवर. गिरणीचा लेखा विभाग 'मान्य' दाबायला १५ दिवस लावतो. 'गाठी पोहोचून वजन जुळल्यावर तीन कामाच्या दिवसांत मान्यता' हे वाक्य करारात नसेल तर ट्रेड्स असून नसल्यासारखं.

तरीही ढीग बांधण्याचे आठ-दहा दिवस उरतातच. त्यासाठी शेतकरी कंपनीकडे निदान एका ढिगाचं खेळतं भांडवल हवं, म्हणून पहिल्या वर्षी तीनपेक्षा जास्त ढीग उघडू नका.

रिंगफ्रेम

जास्तीच्या पैशांचं गणित मांडतो, म्हणजे कोणाच्या डोक्यात भलतं राहणार नाही.

वेगळ्या लॉटसाठी गिरणी खंडीला १,००० रुपये जास्त देते असं धरा. १७,००० किलो म्हणजे पावणेअठ्ठेचाळीस खंडी. पूर्ण लॉटचे जास्तीचे ४७,७५० रुपये. कापसाच्या क्विंटलला ९५. यातून चाचणी, टॅग, मशीन थांबवणं वजा. शेतकऱ्याला ६० टक्के दिले तरी क्विंटलला ५७ रुपये पडतात. खेडा खरेदीवाल्यानं १०० रुपये वाढवले की माल गेला.

म्हणून 'ब्रँडमुळे जास्त भाव' या एका खांबावर हे उभं करू नका. वर दोनरोळीनं काढलेले उताऱ्याचे २३९ रुपये प्रीमियमच्या अडीच पट आहेत, ते मिळवा. वाण निवडताना बोंड किती मोठं हे पाहतात, उतारा कोणी पाहत नाही, कारण आजवर तो शेतकऱ्याला कधी कळलाच नाही. ढीगनिहाय उतारा दोन हंगाम गावात गेला की एक गाव-एक वाणाची चर्चा आपोआप आकड्यावर येईल.

दुसरा फायदा काडीकचऱ्याचा. प्लास्टिकच्या गोणीचा धागा, सुतळी, गुटख्याची पुडी, केस. यातला पोत्याचा धागा सर्वांत वाईट, जिनमध्ये त्याचे बारीक तुकडे होतात आणि रंगवलेल्या कापडातच दिसतात. गिरणीनं कचऱ्याचा फोटो ढीग क्रमांकासह त्याच दिवशी पाठवायचा. महिन्यानं आलेल्या तक्रारीचा उपयोग शून्य, तोवर वेचणी संपलेली असते. वेचणाऱ्या बायांना सुती कापडाच्या झोळ्या कंपनीनं द्याव्यात, हा खर्च प्रीमियम वाटण्याआधी काढून ठेवावा.

पतंगसापळा

एक भर. तुमच्या यादीत पाच घटना आहेत, सहावी घ्या: गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे). शेतात हेक्टरी ५, आणि जिनच्या आवारात वेगळे. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात.

जिनमध्ये साठलेल्या सरकीत आणि कवडीत (किडीमुळे नीट न उमललेल्या कापसात) अळी तग धरते, जवळच्या शिवारात तिथूनही पसरते. जिनच्या सापळ्याचा आकडा आज शेतकऱ्याला दिसत नाही आणि शेतातला जिनला दिसत नाही. दोन्ही एका नकाशावर आले तर सरकी कोणत्या आठवड्यात हलवायची, फरदड कोणत्या गावात आधी मोडायची हे दोघं मिळून ठरवू शकतात. भावाशी संबंध नाही, म्हणून ही माहिती द्यायला कोणाची ना नसते. विश्वास बसवायला इथूनच सुरुवात केलेली उत्तम.

सर्व्हरखोली

चांगली सूचना, भांडण नसलेला डेटा आधी.

यावरून दाखवायचं-न दाखवायचं याची यादी. शेतकऱ्याचं नाव, ओळख क्रमांक, गट नंबर, बँक खातं शेतकरी कंपनीच्या पलीकडे जाऊ नये. पुढे फक्त गाव, वाणगट, वेचा आणि शेतकऱ्यांची संख्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, संमती मराठीत आणि कामापुरती घ्या. जिनला दुसऱ्या जिनचा उतारा दिसू नये, सरासरीही नको, कारण दोनच जिन आहेत, वजाबाकी करून कोणीही काढेल. आणि उद्याचा खरेदी भाव दोन्ही जिनना एकाच पडद्यावर कधीही दाखवू नका. स्पर्धकांनी भाव आपसात ठरवला की २००२ च्या स्पर्धा कायद्यात ती गटबाजी होते, मग ती व्हॉट्सॲपवर असो की तुमच्या प्लॅटफॉर्मवर.

बाहेर पडायचा रस्ताही ठेवा. ज्याला त्याला आपला सगळा डेटा दर महिन्याला सीएसव्हीत मिळाला पाहिजे. सॉफ्टवेअर देणारा बदलला तरी ढिगांचा इतिहास तुमच्याकडे राहील.

ॲप नेटवर्कशिवाय चालणारं हवं. आवारात टिनाच्या शेडखाली रेंज नसते. नोंद फोनमध्ये साठवा, रेंज आली की वर जाईल. मात्र नोंदीची वेळ फोनमध्ये लिहिली तेव्हाची घ्या, सर्व्हरवर पोहोचली तेव्हाची नको, नाहीतर ढीग बंद झाल्यावर गाडी आली असं दिसतं. आणि काट्याचं वजन हातानं टाइप करायला लावू नका. काट्याच्या संगणकातून थेट उचला. टॅलीतून आधीच निघणारं बिल, ई-वे बिल यांचे क्रमांकही तसेच उचला, मुनीमजी तीच माहिती तिसऱ्यांदा भरणार नाहीत.

वर्धाकाठ

बरंच स्पष्ट झालं. पहिल्या हंगामाला एकच जिन, भाडेतत्त्वावर, एक वाणगट, तीन ढीग. सापळ्यांची नोंद मात्र दोन्ही जिनमध्ये. गिरणीशी दोन चाचणी-कताईचं लेखी. सर्व्हर शेतकरी कंपनीच्या नावावर.

गिरणीच्या निर्यात ग्राहकांकडून युरोपातल्या उत्पादन पासपोर्टबद्दल (मालाची माहिती दाखवणारी डिजिटल नोंद) विचारणा होईल, त्यासाठी आत्ताच काही जास्त रकाने घ्यावेत का?

रिंगफ्रेम

नको. तो पासपोर्ट ज्या युरोपीय कायद्यात आहे तो जुलै २०२४ पासून लागू आहे आणि त्याच्या पहिल्या यादीत कापडही आहे. पण ढीग, गाव, वेचा, जिन, तारीख एवढं नीट असेल तर पुढचे रकाने नंतर जोडता येतात. मागच्या हंगामाचा ढीग नंतर वेगळा करता येत नाही.

वर्धाकाठ

शेवटचं, गाठीवर क्यूआर कसा टिकवायचा?

दोनरोळी

चिकटवायचं स्टिकर नकोच, गाठीच्या कापडावर रुईची धूळ असते, दोन दिवसांत सुटतं. उष्णतेनं उमटणारी साधी छपाई, म्हणजे दुकानातल्या बिलासारखी, आपल्याकडच्या ४५ अंशांत काळी पडते किंवा उडते. रिबनवाल्या प्रिंटरवर कृत्रिम कागदाचा टॅग छापा. क्यूआरची चूक-दुरुस्ती पातळी क्यू किंवा एच ठेवा, म्हणजे २५ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. खाली क्रमांक मोठ्या अंकात हवाच. गाठीमागे दोन टॅग, समोरासमोरच्या बाजूंना, कारण थप्पीत एक बाजू नेहमी दाबलेली असते. टॅग बांधणीच्या पट्टीखाली सरकवून बसवा, वर लोंबकळता ठेवू नका. हमालाचा आकडा नेमका तिथेच अडकतो.